पांढरं राहिलेलं मीठ

माझं माहेर निलंग्याकडचं. आमच्याकडं ऊस, त्यामुळं घरात साखरेला कधी तोटा नव्हता. मावशी किनवटला दिलेली होती, तिनंच माझ्यासाठी स्थळ आणलं, आणि मी नांदेड जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सागाच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात सून म्हणून आले. निघताना आईनं पाच किलो साखर बांधून दिली. म्हणाली, "नव्या घरात गोडानं सुरुवात कर."

सासरी माणसं मोजकी. सासरे लग्नाआधीच वारलेले. सासूबाई, आमचे हे, ह्यांच्या पाठची बहीण, आणि सगळ्यांत धाकटे दीर. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. दिरांना भावजी.

भावजींना ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलताही येत नव्हतं. वय पंचविशीचं, पण उंचीनं माझ्या खांद्याला लागत. समज सात-आठ वर्षांच्या लेकराएवढी. शेळ्या राखायचे, पाणी भरायचे, आणि घरातल्या प्रत्येकाला त्यांनी हातानं नाव ठेवलेलं होतं. आत्यांचं नाव म्हणजे गळ्याला हात. आमच्या ह्यांचं नाव म्हणजे मिशीला पीळ. मी आले त्या दिवशी पिशवीतली साखर सांडली आणि त्यांनी ती बोटानं टिपून खाल्ली. तेव्हापासून दोन बोटं ओठांना लावून मिटक्या मारल्या की ती मी. नव्या घरात मला पहिल्यांदा आपलं म्हणणारं माणूस तेच.

आत्यांचं नाव गळ्याला हात, कारण त्यांच्या गळ्याला गाठ होती. लिंबाएवढी. घोट गिळला की वर-खाली व्हायची. त्या पदर असा गुंडाळून घ्यायच्या की परक्याला दिसू नये. गावात अशा गाठी आणखी चार-पाच बायांना होत्या आणि त्याला कुणी आजार म्हणत नव्हतं. "इथल्या पाण्याची खोड हाय ती," असं म्हणून मोकळे व्हायचे.

चुलीजवळ चिनी मातीच्या बरणीत जाडं मीठ असायचं. हे मीठ आठवडी बाजारात उघड्या गोणीतून मिळायचं. विकणारा ते जनावरांसाठी म्हणून विकायचा, आणि घेणारे माणसांसाठी घ्यायचे. त्यात माती असते म्हणून आत्या ते दोन पाण्यांनी धुऊन, सुपात वाळवून मग बरणीत भरायच्या. भाजीत टाकताना चार बोटांत खडे घेऊन नुसत्या स्पर्शानं कमी-जास्त करायच्या. त्यांच्या हातचं कालवण कधी खारट झालं नाही की अळणी लागलं नाही. त्यात त्यांचा मान होता.

लग्नानंतर चार वर्षांनी मी गावची आशा कार्यकर्ती झाले. दहावी पास बाई गावात मी एकटीच होते, त्यामुळं निवड सोपी झाली. प्रशिक्षणाला तालुक्याला जावं लागायचं. एका दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी मिठाबद्दल सांगितलं. समुद्राचं मीठ, त्यात आयोडीन मिसळतात, ते शरीराला अगदी कणभरच लागतं, पण तो कण रोज लागतो. डोंगराळ, जंगलाच्या भागात जमिनीतलं आयोडीन पावसानं वाहून जातं, म्हणून तिथल्या धान्यात, भाजीत ते उतरत नाही. मग गळ्याची ग्रंथी फुगते. मी वहीत लिहून घेत होते. मग बाई म्हणाल्या, "गळ्याची गाठ दिसते तरी. खरं नुकसान पोटातल्या बाळाचं होतं. आईला आयोडीन कमी पडलं तर बाळ बहिरं होऊ शकतं, बुटकं राहू शकतं, मंद होऊ शकतं. एकदा झालं की मग ते भरून निघत नाही."

माझा हात थांबला. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही." पुढचं त्या दिवशी मी काहीच लिहिलं नाही.

परत येताना जीपमध्ये मी ठरवलं की हे घरी सांगायचं नाही. सांगून कुणाचं काय भलं होणार होतं? भावजींचे कान तर परत येणार नव्हते.

आम्हाला मीठ तपासायची छोटी बाटली मिळाली होती. चिमूटभर मिठावर तिचा एक थेंब टाकायचा. मिठात आयोडीन असेल तर ते जांभळं होतं, नसेल तर पांढरंच राहतं. मी घरोघर जाऊन तपासायला लागले. बाया गोळा व्हायच्या, जादूचा खेळ बघावा तशा. शाळेच्या मागच्या गल्लीत एका बाईचं मीठ पांढरं राहिलं. मी तिला समजावून सांगत होते, पुडीचं मीठ घ्या, झाकण लावून ठेवा, चुलीच्या धगीपासून लांब ठेवा, कारण उष्णतेनं आणि दमटपणानं त्यातलं आयोडीन उडून जातं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरचं केलं का जांभळं?"

मी तशीच घरी गेले. आत्या परातीत पीठ मळत होत्या. बरणीतले दोन खडे फोडून मी ताटलीत ठेवले, थेंब टाकला. पांढरेच. पिशवीत नमुना म्हणून पुडीचं मीठ होतं, त्याचीही चिमूट शेजारी ठेवून थेंब टाकला. ते बघता बघता पिकल्या जांभळासारखं झालं. भावजी शेजारी उकिडवे बसले होते, त्यांनी टाळी वाजवली आणि मला बोटं दाखवून सांगितलं, आणखी एकदा.

आत्यांनी मान वळवून पाहिलं. "हे निळं-जांभळं खायाचं का आता?"

"खायचं पांढरंच, आत्या. हे नुसतं तपासायचं औषध आहे. ह्या पुडीच्या मिठानं गळ्याच्या गाठी होत नाहीत."

त्यांचा हात पदराकडं गेला. मग त्या परत पीठ मळायला लागल्या. "माझी झाली ती झाली. पुडीच्या मिठाला खारटपणाच न्हाई. लोणचं काळं पडतंय त्यानं. आणि त्या भुकटीचा हाताला अंदाज येत न्हाई मला."

गावाला शिकवायला निघालेली मी, घरात मात्र मला जोर करता येईना. खरं कारण मी दडवून ठेवलं होतं, आणि ते दडवून जोर करायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता, मधल्या काळात लग्न होऊन गेलेल्या नणंदबाई माहेरी आल्या. तिसरा महिना होता, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. सासरच्यांनी म्हटलं, थोडे दिवस आईकडं राहू दे. मी नोंदवहीत त्यांचं नाव लिहिलं, गोळ्या दिल्या, आणि त्या दिवशी चुलीजवळची बरणी मला बघवेना. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "आईला तू सांग. स्वयंपाकातलं मी काय सांगू?"

मग मी चुकीची गोष्ट केली. आत्या पाण्याला गेल्या असताना बरणीतलं जाडं मीठ काढून एका डब्यात लपवलं आणि बरणीत पुडीचं मीठ भरलं. वर दिसावेत म्हणून थोडे खडे पसरले.

त्या दिवशी दुपारी आत्यांनी वरण केलं. रोजच्या अंदाजानं चार बोटांनी मीठ घेतलं. बारीक मीठ चिमटीत जास्त मावतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पहिला घास घेतला आणि हे उठून पाण्याकडं गेले. नणंदबाईंनी ताट सरकवलं. भावजींनी जीभ बाहेर काढून हातानं पुसली.

आत्यांनी बोटभर वरण चाखलं. मग बरणी उघडली, हात खोल घातला आणि मूठभर पांढरी भुकटी वर काढली.

"माझ्या हातानं खारट झालं असं मला वाटलं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "म्हातारपण आलं म्हणलं. आणि तू चोरून करून राहिली व्हय?"

"चुकलं माझं, आत्या."

"तुला सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"गाठीचं सांगितलं. गाठीसाठी कुणी चोरी करते का? काहून केलं?"

मी म्हटलं, "ताईंसाठी. पोटातल्या बाळाला हेच मीठ पाहिजे."

"न्हाई मिळालं तर काय होते बाळाला?"

माझी नजर भावजींकडं गेली. मुद्दाम नाही गेली. ते उंबऱ्याशी बसून जीभ पुसत होते, एवढंच. पण आत्यांनी माझी नजर कुठं गेली ते पाहिलं.

मूठ त्यांनी परत बरणीत सोडली. हात पदराला पुसला. "माझ्या मिठानं?" एवढंच विचारलं.

"तसं नक्की कुणी सांगू शकत नाही, आत्या."

पण त्या उठून गेल्या होत्या.

पुढचे आठ दिवस आत्यांनी चुलीला हात लावला नाही. स्वयंपाक मी केला. त्या गोठ्याच्या कडेला बसून असायच्या. भावजी शेळ्या घेऊन आले की त्यांच्याकडं बघायच्या आणि मग दुसरीकडं बघायच्या. भावजींना काही कळेना. ते त्यांच्यापुढं जाऊन स्वतःच्या गळ्याला हात लावायचे, म्हणजे हाक मारायचे, आणि आत्यांच्या डोळ्यांना धार लागायची. मी दोनदा जवळ जाऊन बसले. त्या म्हणाल्या, "तू जा. तुझा राग न्हाई." मला ते रागापेक्षा जड वाटलं.

नवव्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, आत्यांचा गळा नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात दाखवू. आत्या नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण त्या लुगडं बदलून तयार झाल्या. सकाळच्या गाडीनं आम्ही दोघीच निघालो. गाडीत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

डॉक्टरीण बाई वयानं माझ्याएवढीच होती. तिनं आत्यांचा पदर हळूच बाजूला केला, गाठ दोन्ही हातांनी चाचपली, पाणी प्यायला लावलं, रक्त तपासायला सांगितलं. अहवाल आल्यावर म्हणाली, "घाबरण्यासारखं काही नाही, आजी. पण इतक्या वर्षांची गाठ आता मीठ बदलून जाणार नाही. गोळ्या लिहून देते, सहा महिन्यांनी परत दाखवा."

आत्या खुर्चीतून उठल्या नाहीत. "मला गाठीचं न्हाई विचारायचं. माझं धाकटं पोरगं बहिरं हाय. ते माझ्या मिठानं झालं का?"

डॉक्टरीण बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. तिनं पेन ठेवलं. बाहेर रांग होती, तरी ती घाई न करता बोलली. "झालं असू शकतं, आजी. नसूही शकतं. लेकरू बहिरं व्हायला बरीच कारणं असतात. इतक्या वर्षांनी आता कुणीही खात्रीनं सांगणार नाही. सांगितलं तर ते खोटं असेल."

"हाव," आत्यांनी मान हलवली.

"तुमचं पोरगं पोटात होतं तेव्हा तुमच्या गावात पुडीचं मीठ मिळत होतं का?"

आत्यांनी आठवून पाहिलं. "न्हाई. कुणी बघितलंबी नव्हतं."

"कुणी येऊन सांगितलं होतं, की मिठात असं काही असतं?"

"न्हाई."

"मग तुम्ही काय करणार होतात?"

आत्यांनी आपल्या तळहातांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "धुऊन घ्यायची मी. माती पोटात जाऊ न्हाई म्हणून दोन पाण्यांनी धुऊन घ्यायची."

"आईनं ह्यापेक्षा जास्त काय करायचं?" डॉक्टरीण बाई म्हणाली.

दवाखान्याबाहेर आम्ही चहा घेतला. आत्यांचा चहा गुळाचा असायचा, तिथं साखरेचा मिळाला. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला. बशी खाली ठेवून म्हणाल्या, "त्या भुकटीचं किती घ्यायचं असते, ते मला दाखव घरी गेल्यावर."

मी दाखवलं, पण सोपं गेलं नाही. चाळीस वर्षांचा हात होता तो. महिनाभर आमच्या घरी कधी अळणी, कधी खारट. मी म्हटलं, चमच्यानं घ्या. त्या म्हणायच्या, चमचा काय चव सांगते? मग त्यांनी आपलीच रीत काढली. मीठ भाजी उतरवताना टाकायचं, फार शिजवायचं नाही, हे माझं ऐकलं. आणि टाकलं की भावजींना बोलवायचं, वाटीत चव द्यायची. भावजींनी जीभ पुसली की जास्त झालं. कपाळाला आठी घातली की कमी. मान डोलावली की बरोबर. भावजींना हे काम फार आवडलं. स्वयंपाकाची वेळ झाली की शेळ्या सोडून ते चुलीपाशी हजर. आत्या तोंड वळवून घेत नव्हत्या आता. डब्यातलं जाडं मीठ त्यांनी शेळ्यांच्या चाटणाला वापरून संपवलं, आणि पुढं कैऱ्या आल्यावर पुडीच्या मिठात लोणचं घालून बघितलं. ते काळं पडलं नाही. "लोकं कायबी सांगतेत," एवढंच त्या बोलल्या.

नणंदबाईंना उन्हाळ्याच्या तोंडाला मुलगी झाली. बारावा दिवस झाल्यावर एकदा दुपारी आत्या बाळाजवळ बसल्या होत्या. त्यांनी पितळी ताट आणि पळी घेतली आणि बाळाच्या मागच्या बाजूनं जोरात वाजवली. बाळ दचकलं, हातपाय ताठ केले आणि मोठ्यानं रडायला लागलं. नणंदबाई धावत आल्या, "आई, काय करून राहिली? झोपलेली पोर!" आत्यांनी बाळाला उचलून छातीशी धरलं. त्या हसत होत्या आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. "रडू दे. रडू दे तिला," त्या म्हणत होत्या.

त्याच उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट सांगते. गावात एक लग्न होतं. भावजी तिथं जेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांना जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. मी नेमकी तालुक्याला बैठकीला गेलेली, हे शेतात. फोन लागला तेव्हा दुपार टळत आली होती. मिळेल त्या गाडीनं मी निघाले. वाटेत सारखं मनात येत होतं, भावजींना पोटात कळ आली तर ते कुणाला काय सांगणार?

घरात शिरले तर भावजी आत्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेले. तोंड सुकलेलं, डोळे आत गेलेले, पण उघडे. आत्या चमच्यानं त्यांना पाणी पाजत होत्या. एक चमचा, मग थोडं थांबून दुसरा. शेजारी पातेलं झाकून ठेवलेलं, जवळ साखरेचा डबा, मिठाची बरणी.

"काय देताय, आत्या?"

"तूच गावाला सांगत फिरतेस ना. पाणी उकळून गार केलं. सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. एका तांब्याला... लिटर का काय म्हणतेस ते. उलटी झाली की थांबते थोडं, मग पुन्हा देते."

"बरोबर घेतलं का माप?"

"सपाट घेतलं. शीग न्हाई घेतली." आणि मग, मान वर न करता, "आसवापेक्षा खारट नको म्हणून सांगतेस तू. मी चाखून पाहिलं. त्याची चव मला चांगली ठाव हाय."

मी भावजींचं पोट बघितलं, चामडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच मागं गेली. लघवी झाली का विचारलं. झाली होती. तरी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सलाईन लावलं नाही. म्हणाले, "पाणी वेळेवर मिळालंय. हेच चालू ठेवा, जलसंजीवनीच्या पुड्या देतो." मी आत्यांकडं पाहिलं. त्या डॉक्टरांकडं बघतच नव्हत्या, भावजींच्या पायातली चप्पल नीट करत होत्या.

दिवेलागणीला आम्ही घरी आलो. भावजींनी आपण होऊन पाणी मागितलं. मग माझ्याकडं बघून हातानं भाताचा गोळा करून दाखवला. मी मऊ भात केला. भावजींनी चार घास खाल्ले आणि भिंतीला टेकून झोपून गेले. आत्यांनी त्यांच्या अंगावर चादर टाकली, कपाळाला हात लावून बघितला.

मी विचारलं, "तुम्ही सकाळपासून काही खाल्लं का?"

"कुठलं?" त्या म्हणाल्या. "ध्यानातच न्हाई आलं."

मी ताट केलं. गार झालेली भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. त्या भिंतीला पाठ टेकून बसल्या, पदर गळ्याभोवती गुंडाळलेला नव्हता, आणि ताट मांडीजवळ ओढून जेवायला लागल्या. अर्ध्यात थांबून म्हणाल्या, "भाजी तू केलीस का सकाळी?"

"हो. निघायच्या आधी."

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या, आणि सगळी भाजी पुसून खाल्ली.